आगोटीआधीचं (पावसाळ्याआधीचं) सरपण आणि चुलीचं धुराडं : कोणतं काम कधी आणि कोणत्या क्रमानं

जुलैत स्वयंपाकघर धुरानं भरलं की बहुतेकजण धुराड्याला दोष देतात. पाईप ठोकतात, टोपी बदलतात, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा डोळ्यांतून पाणी. या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा बाहेर, लाकडांच्या राशीत असतं. ओलं लाकूड जळताना बरीच उष्णता आतलं पाणी उकळण्यातच घालवतं. धूर जड आणि थंड निघतो. पाईपातून चढता चढता तो आणखी निवतो आणि आतल्या अंगाला डांबरासारखा चिकट थर सोडतो. त्यावर काजळी बसते, काजळीवर पुन्हा डांबर. म्हणून इथे आधी सरपण घेतलं आहे, धुराडं नंतर.

मी लिहिते आहे ते कोकणातल्या कौलारू घरासाठी : पुढे चुलीचं तोंड, मागे वैल (त्याच जाळावर तापणारं दुसऱ्या भांड्याचं तोंड), वैलाच्या मागून छपराबाहेर गेलेला पाईप, अशी दोन भांड्यांची निर्धूर चूल. न्हाणीतल्या चुलीला पाईप असेल तर तिलाही हेच लागू. देशावर पाऊस कमी आणि उशिरा, तिथे तारखा पुढेमागे होतील. कामांचा क्रम मात्र हाच ठेवा.

टप्पा १ : किती लागतं ते वजन करून ठरवा

"एक टेम्पो पुरतो" हा अंदाज ऑगस्टच्या अखेरीस हमखास चुकतो. एक आठवडा रोजचं सरपण ताणकाट्यावर वजन करून वहीत लिहा. आमच्याकडे पाच माणसं आहेत. दोन वेळचा स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी मिळून दिवसाला ८ किलोच्या आसपास वाळलेलं लाकूड जातं. १ जून ते १५ ऑक्टोबर हे १३७ दिवस, म्हणजे ११०० किलो. त्यात चौथाई वाढवा, कारण गणपतीत घर भरतं आणि सततच्या पावसात तेच पाणी तापायला जास्त जाळ लागतो. झाले पावणेचौदाशे किलो. दीड फूट लांबीची लाकडं ४ फूट उंच रचली तर याची साधारण २० फूट लांब रास होते. एवढी कोरडी जागा घरात आहे का, ते आत्ताच पाहा. जागा नसेल तर मे महिन्यात ती अचानक सापडत नाही.

विकत घेणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. असं १० किलो लाकूड नीट वाळलं की सव्वासहा किलोच्या आसपास उरतं. ओलं लाकूड वजनावर घेणं म्हणजे पाण्याचे पैसे देणं. त्यापेक्षा राशीवर भाव ठरवा, किंवा मार्चनंतर वाळलेलं बघून घ्या.

टप्पा २ : लाकडाची निवड

ऐन, किंजळ, खैर, सुरू, बाभूळ, आकेशिया ही जड लाकडं. यांचे निखारे टिकतात, भाकरी आणि भात यांच्यावरच चांगला होतो. आंबा, काजू, फणस मध्यम. सावर, पांगारा, शेवगा भुरकन जळतात, ते पेटवणाला ठेवा. करवंट्या, वाळलेली सोडणं (नारळाची सालं) आणि माडाची चुडतं (झावळ्या) चूल पेटवायला उत्तम, पण त्यांच्यावरच सगळा स्वयंपाक करू नका. सोडणं धुमसतात आणि काजळी फार धरतात.

काही गोष्टी चुलीत अजिबात जाऊ देऊ नका. बिब्ब्याच्या लाकडाच्या धुरानं अंगावर फोड येतात, कण्हेरीचा धूर विषारी असतो, शेर आणि थोराचा चीक डोळ्यांना घातक असतो. काजूच्या बियांच्या टरफलांत दाहक तेल असतं. ती जोरात पेटतात म्हणून लोकांना आवडतात, पण एका हंगामात पाईप चिकट करून टाकतात. प्लायवूड, रंग दिलेल्या चौकटी, सनमायकाचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी जाळ करणं यांचा धूर तुमच्याच अन्नाभोवती फिरतो.

सावधान : स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, साग अशा झाडांच्या तोडीवर महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे. कुऱ्हाड लावण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

टप्पा ३ : तोड दिवाळीनंतर, फोड त्याच आठवड्यात

सर्वांत जास्त चूक इथे होते. डिसेंबरात ओंडके आणतात, अंगणाच्या कडेला टाकतात आणि "वेळ मिळाला की फोडू" म्हणतात. वेळ मिळतो एप्रिलच्या शेवटी. साल न काढलेला अखंड ओंडका चार महिने उन्हात पडून असला तरी आतून ओलाच राहतो. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगांतून बाहेर पडतं, सालीतून फारच थोडं. शिवाय ओलं लाकूड फोडायला सोपं असतं. वाळलेला बाभळीचा किंवा किंजळाचा ओंडका पाचर आणि घण घेऊनही दमवतो.

क्रम असा ठेवा :

१. आधी चुलीचं माप घ्या. तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराहून लाकूड फार लांब नको. दीड फूट बहुतेक चुलींना चालतं. लांब लाकूड तोंडाबाहेर राहतं, बाहेरचं टोक धूर सोडतं आणि तो धूर धुराड्यात न जाता थेट घरात येतो.

२. सगळे ओंडके एकाच मापात तोडून घ्या.

३. मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करा. न्हाणीच्या चुलीसाठी थोड्या जाड चालतील.

४. फांद्या, काटक्या आणि पेटवण वेगळं बांधा. मोळ्या करून ठेवल्या की पावसात शोधाशोध होत नाही.

तपासा : जानेवारी संपताना एकही अखंड ओंडका शिल्लक नको. उरला असेल तर तो या वर्षाच्या हिशेबात धरू नका.

टप्पा ४ : उन्हाळ्यात वाळवण

जमिनीवर थेट रचू नका. खालचा थर मातीतला ओलावा ओढतो आणि वाळवीला वर यायला जिना मिळतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन समांतर ओळी मांडा, त्यांवर बांबू किंवा पोफळीचे जुने खांब आडवे टाका आणि मग रास लावा. खालून किमान एक वीत मोकळी राहिली पाहिजे. एवढी जागा असली की खाली झाडू फिरतो, वारा फिरतो आणि काय लपलं आहे तेही दिसतं.

रास एकाच ओळीएवढी खोल रचा, दोन टोकांना आडवेउभे थर घालून बुरूज करा म्हणजे रास ढासळत नाही. फोडलेली बाजू वर किंवा बाहेर ठेवा. भिंतीला चिकटवू नका, हात जाईल एवढी फट सोडा. रास अशी ओढूनताणून घट्ट बसवण्याचा मोह काहींना होतो, पण फटींतून वारा जाणं हेच तर वाळवण आहे.

उन्हाळ्यात पूर्ण झाकण लागत नाही. रात्रीचं दव आणि एखादा अवकाळी पाऊस यांच्यासाठी फक्त माथ्यावर पत्रा किंवा झाप (विणलेली झावळी) पुरे.

सावधान : निळ्या प्लॅस्टिकनं रास चहूबाजूंनी गुंडाळणं ही दुसरी मोठी चूक. लाकडातून निघणारी वाफ आतच अडकते, प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि दोन आठवड्यांत बुरशी चढते. एका वर्षी आम्ही हेच केलं. वरून रास सुंदर दिसत होती, उलगडली तेव्हा मधले दोन थर पांढरे पडले होते.

टप्पा ५ : वाळलं का, याची परीक्षा

रंगावरून ठरवू नका. वरून राखाडी झालेलं लाकूड आतून ओलं असतं. या चाचण्यांपैकी निदान दोन करा.

वजनाची चाचणी सगळ्यांत भरवशाची. रास लावतानाच जाड ढलप्यांपैकी तीन निवडा, खडूनं किंवा रंगानं खूण करा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेऊन वहीत लिहा आणि राशीच्या मधोमध ठेवा. दर रविवारी पुन्हा वजन करा. लागोपाठ दोन आठवडे वजन उतरलं नाही की लाकूड हवेच्या मानानं वाळलं.

आवाजाची चाचणी : दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या ठणकतात, ओल्यांचा आवाज धप्प येतो. टोकांना मध्यापासून बाहेर गेलेल्या भेगा आणि आपसूक सुटणारी साल ही चांगली लक्षणं, पण ती पुरेशी नाहीत. एक जाड ढलपी फोडा आणि ताजं अंग गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र असेल तर त्याच्या सुया नुकत्याच फोडलेल्या अंगात रुतवा, बाहेरच्या अंगात नको. आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा.

टप्पा ६ : रास आत घेणं

मोसमी पाऊस तळकोकणात ७ जूनच्या सुमारास येतो, असं धरून आपण मे अखेर मोकळी ठेवतो. २०२५ साली तो २५ मे रोजीच आला, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यापासून मुसळधार सरी सुरू होत्या. अंगणात लाकडं असलेल्या कितीतरी घरांचं सरपण त्या आठवड्यात भिजलं. माझा नियम आता १० मे हा आहे. त्या दिवशी लाकूड आत, मग आंब्याची कामं.

जागा निवडताना पावसाची दिशा पाहा. कोकणात झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते. त्यामुळे पूर्वेकडची किंवा घराच्या आडोशाची पडवी बरी. पश्चिमेलाच जागा असेल तर छपराचा पत्रा राशीच्या पुढे दीड-दोन फूट आला पाहिजे आणि समोर झाप बांधला पाहिजे. झापातून वारा येतो, थेंब येत नाहीत. ताडपत्री बांधायचीच असेल तर खालून आणि बाजूंनी वाट सोडा.

आत घेताना :

१. जुनं उरलेलं लाकूड आधी पूर्ण बाहेर काढा, जमीन झाडा, चिरे उलटून पाहा.

२. पोखरलेल्या, भुसा गळणाऱ्या ढलप्या वेगळ्या करा आणि आधी जाळून संपवा. घराच्या वाशांजवळ त्या नकोतच.

३. ऑगस्ट-सप्टेंबरचं लाकूड मागे, जूनचं पुढे. सगळं जड लाकूड मागे टाकून ठेवलं तर शेवटचे दोन महिने बरे जातात.

४. पेटवण सर्वांत कोरड्या जागी, शक्यतो स्वयंपाकघरातल्या फळीवर.

चुलीजवळ दोन दिवसांपुरतंच सरपण असावं, तेही तोंडापासून तीन फूट दूर. चुलीच्या उबेत ते आणखी सुकतं, हे खरं. पण भानवशीवर (चुलीलगतच्या ओट्यावर) टेकवून ठेवलेलं लाकूड रात्री एखाद्या निखाऱ्यानं पेट घेतं.

सावधान : लाकडांची रास ही विंचू, फुरसं आणि मण्यार यांची आवडती जागा. राशीत हात घालण्याआधी काठीनं वरचा थर हलवा. रात्री विजेरीशिवाय जाऊ नका, पायात बूट आणि हातात जाड मोजे घाला. लहान मुलांना लाकूड आणायला पाठवू नका. दंश झालाच तर चीर देणं, आवळून बांधणं, पाला लावणं यांत वेळ न घालवता थेट आरोग्य केंद्र गाठा. कोकणातल्या लाल विंचवाचा डंखही जिवावर बेततो.

टप्पा ७ : धुराड्याची सफाई

लाकूड आत गेलं की धुराडं. मेच्या मध्यावर, कोरड्या सकाळी. याच वेळी का? उन्हाळ्यात आतला थर कडक आणि ठिसूळ झालेला असतो, ब्रशला सुटतो. तोच थर जुलैत ओला, चिकट होतो आणि ब्रशनं फक्त सरकतो.

हा थर किती महाग पडतो ते पाहा. तीन इंची पाईपात चहूबाजूंनी एक सेंटिमीटर थर बसला तर धुराची वाट जवळपास निम्मी होते. एवढ्यापर्यंत थांबू नका. तीन मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढा थर दिसला की सफाई.

तयारी. आदल्या दिवशी दुपारनंतर चूल पेटवू नका. राखेखाली निखारा चोवीस तासही जिवंत राहतो, म्हणून राख आधी पत्र्याच्या बादलीत काढून बाहेर ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. लागणारं सामान : मजबूत शिडी, ती धरायला दुसरं माणूस, नाका-तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, दोन ओली गोणपाटं, घमेलं, आणि ब्रश. ब्रश घरी करता येतो. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) सरळ काठीला सोडणांचा काथ्या घट्ट गुंडाळून बांधा, पाईपाच्या मापापेक्षा किंचित जाड. पाईप उंच असेल तर दोरीला तसाच काथ्याचा गोळा आणि खाली वजन म्हणून दगड बांधा.

सावधान : जुने सिमेंटचे पाईप बरेचदा ॲस्बेस्टॉसचे असतात. त्यांची धूळ फुप्फुसात गेली की कायमची बसते. त्यांना तारेचा ब्रश, करवत किंवा ग्राइंडर लावू नका. काथ्याचाच ब्रश वापरा, आत आधी थोडं पाणी फवारा आणि मास्क काढू नका. पाईप तडकलेला असेल तर तो न फोडता आख्खा उतरवा.

क्रम.

१. दोन्ही भांडी उतरवा. चुलीचं तोंड आणि वैल ओल्या गोणपाटानं बंद करा, वर थाळी ठेवा. हे विसरलात तर काजळी भिंतींवर आणि भांड्यांच्या फळीवर जाते.

२. वर चढण्याआधी विजेची तार कुठून गेली आहे ते पाहा. लांब काठी किंवा लोखंडी सळी घेऊन तारेखाली काम करू नका.

३. कौलांवर थेट पाय देऊ नका. फळी वाशांवर आडवी टाकून त्यावरून जा. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळीशिवाय अजिबात नको.

४. टोपी काढा, खाली आणून वेगळी घासा. धूर अडण्याचं कारण पुष्कळदा पाईपात नसून टोपीच्या जाळीत किंवा पक्ष्याच्या घरट्यात असतं.

५. ब्रश वरून खाली सावकाश फिरवा. जोर लावून खुपसू नका, सांधे निसटतात. पंधरा-वीस वेळा वरखाली झालं की थांबा आणि अर्धा तास धूळ बसू द्या.

६. मग खाली या. पाईपाच्या बुडाचं सफाईचं दार उघडून काजळी घमेल्यात ओढा. दारच नसेल तर गवंड्याकडून करून घ्या, दरवर्षीचं अर्धं काम वाचतं.

७. चूल आणि वैल यांच्यातला बोगदा हातानं किंवा जुन्या पळीनं साफ करा. इथे राख इतकी साचते की पाईप स्वच्छ असूनही मागचं भांडं तापत नाही. लोक नेमका हाच भाग सोडतात.

तपासा : खालून मोबाइलचा दिवा धरा आणि वरून पाहा. पूर्ण गोल प्रकाश दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर एका बाजूला थर उरला आहे.

काढलेली काजळी झाडांच्या आळ्यात टाकू नका, खड्ड्यात पुरा. राख मात्र माडाच्या मुळाशी जरूर घाला. आपल्या जांभ्या जमिनीला ती मानवते.

टप्पा ८ : सांधे, टोपी आणि धुराची परीक्षा

पाईप वैलाला मिळतो तिथला सांधा, आणि पाईपाचे एकमेकांतले सांधे, चिकणमाती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपा. पहिला थर सुकू द्या, भेगा पडतील, त्यांवर दुसरा पातळ हात द्या. एकाच जाड थरात लिंपलं की ते आठवड्यात सुटतं. त्या फटीतून थंड हवा आत ओढली जाते आणि धुराची ओढ मरते.

पाईप छपरातून बाहेर पडतो तिथे पत्र्याची झालर हवी, नाहीतर पावसाचं पाणी पाईपावरून काळं होऊन भिंतीवर उतरतं. उघड्या पत्र्याच्या पाईपापासून वासे आणि रीपा दीड फूट दूर असाव्यात. प्लॅस्टिकचा, म्हणजे पावसाच्या पन्हळीचा पाईप धुराड्याला जोडणं घातक आहे. मी तसे जोडलेले पाईप पाहिले आहेत, वितळून वाकलेलेही.

उंची : छपराच्या वर निदान तीन फूट. आढं (छपराचा सर्वांत उंच कणा) दहा फुटांच्या आत असेल तर त्याच्यापेक्षा दोन फूट वर. पाईप याहून बुटका राहिला की पश्चिमेचा वारा धूर खाली दाबतो. टोपी आणि पाईपाचं तोंड यांच्यात चार बोटं अंतर ठेवा. पाऊस येतो म्हणून टोपी खाली दाबून बसवली की धुरालाही वाट राहत नाही.

तपासा : बुडाच्या दारातून एक पेटता कागद आत धरा, म्हणजे पाईप गरम होईल. मग चुलीत थोडा अर्धओला पाला जाळा. सांध्यांजवळ अगरबत्ती फिरवा. तिचा धूर सांध्यात ओढला गेला तर तिथे फट आहे. चुलीच्या तोंडातून धूर बाहेर आला तर बोगदा किंवा टोपी पुन्हा पाहा.

टप्पा ९ : पावसाळ्यातली निगा

चूल धुमसत ठेवू नका. रात्रभर निखारे राहावेत म्हणून ओलं लाकूड लावून ठेवण्यानं सर्वांत जास्त डांबर तयार होतं. थोडं लाकूड, खेळती हवा आणि स्पष्ट ज्वाळा, मग विझवणं. दारं-खिडक्या बंद करून निखाऱ्यांचं घमेलं झोपण्याच्या खोलीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

दर पंधरा दिवसांनी बुडाचं दार उघडून काजळी काढा. महिन्यातून एकदा, उघडीप बघून, वरून ब्रश फिरवा. पाऊस कोसळत असताना छपरावर चढू नका.

पाईपात आग लागली तर

घरघर आवाज, पाईप लालसर होणं, टोपीतून ठिणग्या ही खूण. लगेच :

१. चुलीतली लाकडं चिमट्यानं ओढून राखेत किंवा पत्र्याच्या बादलीत टाका.

२. चुलीचं तोंड, वैल आणि बुडाचं दार ओल्या गोणपाटानं आणि थाळीनं बंद करा. हवा तुटली की आग बसते.

३. घरातल्या माणसांना बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा, छपरावर लक्ष ठेवा.

तापलेल्या पाईपात वरून पाणी ओतू नका. पाईप फुटतो आणि वाफ अंगावर येते. आग विझली तरी सगळे सांधे आणि तडे तपासल्याशिवाय ती चूल पुन्हा पेटवू नका.

ऑक्टोबरात उरलेलं लाकूड नव्या राशीखाली गाडू नका. ते बाहेर काढून दोन आठवडे उन्हात टाका आणि दिवाळीपासून आधी तेच वापरा.